नाहक त्रास, चौथा मजला

शहरपानावरच्या त्या उपसंपादकांना अख्खं ऑफिस शेपूटकाका म्हणायचं, आणि त्यात अपमान कोणाच्याच मनात नव्हता. कामच तसं होतं. पाणी आलं नाही, रस्ता खणून ठेवला, दिवे गेले, बस आली नाही, अशी कुठलीही बातमी आली की तिच्या बुडाशी एक वाक्य लागायचं: 'त्यामुळे नागरिकांना नाहक त्रास सहन करावा लागत आहे.' या वाक्याला तिथे शेपूट म्हणत. एका कॉलमात ते बरोबर दोन ओळींत बसायचं, आणि पानावर जागा उरायची तीही नेमकी दोन ओळींचीच. पान लावणारी मुलगी पलीकडच्या टेबलावरून ओरडायची, "काका, दोन ओळी कमी पडतायत, शेपूट द्या!" की काकांनी दिलंच.

पुढे कॉम्प्युटर आले तेव्हा काकांनी ते वाक्य एका बटणावर बसवून घेतलं. उजवी करंगळी टेकवली की नागरिक, त्रास आणि सहन करणं एकदम पडद्यावर हजर. एकदा नव्या बागेच्या उद्घाटनाच्या बातमीलाही शेपूट लागून गेलं. फुलझाडं, झोपाळे, बसायला बाकं, त्यामुळे नागरिकांना नाहक त्रास सहन करावा लागत आहे. दुसऱ्या दिवशी काका सकाळपासून फोनकडे बघत बसले होते, पण कोणी एका अक्षराने बोललं नाही. नागरिकांनी तेही सहन केलं.

माणसाचं कसं असतं, जगाला वाटत फिरलेली गोष्ट स्वतःच्या दारात आली की ती ओळखू येत नाही. काका राहायचे त्या इमारतीची लिफ्ट बंद पडली. इमारत गृहनिर्माण कार्यालयाची, लिफ्ट त्यांची, दुरुस्तीही त्यांनीच करायची. काका चौथ्या मजल्यावर. ते स्वतः धापा टाकत चढत-उतरत होते, काकू सकाळी शाळेवर शिकवायला जाताना आणि येताना जिन्याला शिव्या घालत होत्या, तिथवर ठीक होतं. पण घरात काकांचे वडील होते, आबा. त्यांना छातीचं एक दुखणं झाल्यापासून डॉक्टरांनी जिना बंद केला होता. लिफ्ट थांबली त्या दिवसापासून आबा चौथ्या मजल्यावर टांगलेले होते.

खाली कोपऱ्यावर टेलरमास्तरांचं दुकान. आबा नोकरीतून सुटल्यापासून रोज सकाळी तिथे जाऊन बसायचे. मास्तरांचे हात आणि डोळे कापडात गुंतलेले, म्हणून आबांनी पेपर मोठ्याने वाचायचा आणि मास्तरांनी ऐकायचा, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा रिवाज. बातमी संपत आली की मास्तर तोंडात टाचण्या धरूनच शेवटचं वाक्य आबांच्या आधी गुणगुणायचे. "तुझ्या लेकाचं लिखाण कसं पाठ होतं बघ," म्हणायचे. आबांना त्यात मुलाचं कौतुकच ऐकू यायचं.

लिफ्ट गेली आणि ती बैठक गेली. मास्तरांना वर येता येईना, कारण मशीनचं पायडल मारून मारून त्यांचा उजवा गुडघा कामातून गेला होता. फोन होता म्हणा, पण या दोघांचं फोनवरचं बोलणं म्हणजे "काय?" "काही नाही." "बरं." की संपलं. आणि अशात मास्तरांनी दुकान सोडल्याची खबर आली. महिनाअखेरीला ते कायमचे मुलीकडे, दुसऱ्या गावी राहायला जाणार होते.

"त्याच्या आधी एकदा खाली जायला पाहिजे," आबा म्हणाले. एवढंच म्हणाले. पण जेवताना त्यांचा घास हातात तसाच राहिलेला काकूंनी पाहिला.

"खुर्चीत बसवून नेऊ या का?" काकूंनी सुचवलं. "खालचे दोघेतिघे येतील मदतीला."

"चौघांच्या खांद्यावरून मी एकदाच जाणार आहे," आबा म्हणाले. "त्याची घाई करू नका."

"थांबा आबा," काका छाती फुगवून म्हणाले, "मी बातमीच लावतो. पेपरात आलं की बघा कसे धावत येतात."

काकांनी त्या बातमीवर जीव ओतला. म्हातारी माणसं, आजारी माणसं, वर अडकलेली, कार्यालय ढिम्म, सगळं आलं. शेवटचा पूर्णविराम दिला आणि समाधानाने हात खाली ठेवला. करंगळी जिथे पडायची तिथेच पडली. इतक्या वर्षांचं वळण, ते काय विचारून पडतं? सकाळी काकूंनी बातमी वाचली, शेवटपर्यंत आल्या आणि पेपर नवऱ्यासमोर धरला.

"अहो, हे काय?"

"काय? चांगली आलीय की."

"शेवटी बघा."

"ते असतंच," काका म्हणाले.

गृहनिर्माण कार्यालयातून कोणी धावत आलं नाही, चालतही आलं नाही. महिना सरत चालला. शेवटी काका स्वतःच गेले. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसे तक्रार निवारण अधिकाऱ्यांच्या खोलीत जाऊन उभे राहिले. साहेब गोल, गोरे आणि आनंदी होते. काकांनी पेपरचं नाव सांगताच खुर्चीवरून उठून त्यांनी हात मिळवला.

"म्हणजे ते वाक्य तुमचं? अहो, बसा, बसा! तुम्हाला एकदा भेटायचंच होतं."

साहेबांच्या खोलीत दोन लोखंडी कपाटं होती. डाव्या कपाटावर लिहिलं होतं 'सहन होत असलेले'. ते कात्रणांनी इतकं भरलं होतं की दाराला दोरी बांधून ठेवलेली. उजव्या कपाटावर 'सहन न होणारे'. साहेबांनी ते उघडून दाखवलं. आत त्यांचा जेवणाचा डबा, छत्री आणि टॉवेल होता.

"आमची पद्धत सरळ आहे," साहेब म्हणाले. "तोंडी तक्रार कोणीही करतो. छापून आलं म्हणजे खरं. पेपर आला की कात्री घ्यायची, कात्रण वाचायचं आणि ठरवायचं, डावीकडे की उजवीकडे. उजवीकडचं काम लगेच करावं लागतं, तसा नियमच आहे. पण तुमच्या कृपेने आजवर एकही आलं नाही. मागे एकदा 'नागरिक हैराण' असा मथळा बघून मी उजव्या कपाटातला डबा बाहेर काढायला घेतला होता. म्हटलं, आता उठावं लागतंय. तर खाली तुमचं वाक्य! जीव भांड्यात पडला."

"पण साहेब, सहन करावा लागतोय म्हणजे ते संपायला पाहिजे असंच ना?"

"तसं कुठे लिहिलंय?" साहेबांनी लिफ्टचं कात्रण दोरीच्या फटीतून ओढून काढलं आणि बोट ठेवलं. "त्रास आहे. कबूल. त्यांना तो सहन करावा लागतोय. तेही कबूल. आणि ते करतायत. यात मी मध्ये कुठे येतो?"

काका बघतच राहिले. पाणी नसलेल्या गल्ल्या, वर्षभर उघडे राहिलेले खड्डे, अंधारातले पूल, सगळं त्या डाव्या कपाटात गपगार बसलं होतं आणि प्रत्येकाला शेपूट होतं. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. साहेबांनी त्यांना पाणी दिलं आणि निवृत्तीच्या भाषणात तुमचं नाव घेणार आहे असंही सांगितलं.

काका तिथून तडक संपादकांकडे गेले. संपादक चांगला माणूस, पण बातमी म्हटलं की बापाचंही ऐकणार नाही असा.

"दुरुस्ती छापायची आहे," काका म्हणाले. "लिफ्टच्या बातमीत. नागरिकांना त्रास सहन होत नाहीये."

"होत नाहीये? मग काय केलं त्यांनी? मोर्चा?"

"नाही."

"काचा फोडल्या?"

"माझे वडील आहेत हो. ते काय काचा फोडणार?"

"मग घरात बसून आहेत?"

"हो."

"म्हणजे सहनच करतायत की!" संपादक म्हणाले. "अहो काका, इतकी वर्षं काढलीत तुम्ही इथे. बातमी म्हणजे काहीतरी घडायला पाहिजे. सहन न होणं ही घटना नाही, ती तब्येत आहे."

काकांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा साहेबांचे पाय धरले. साहेबांनाही आपल्या आवडत्या लेखकाचा हिरमोड बघवेना. त्यांनी नियमांचं पुस्तक काढून एक जुना नियम शोधला. छापून आलेल्या मजकुराबद्दल छापणाऱ्यालाच शंका असेल तर अधिकाऱ्याने जागेवर जाऊन, त्रास होणाऱ्या माणसाला समक्ष विचारून खात्री करायची. साहेबांनी आयुष्यात पाहणी केली नव्हती. त्यांनी निघताना छत्री काढल्यामुळे उजवं कपाट आणखी मोकळं झालं.

पहिल्या मजल्यावर साहेब काकांना इमारतीच्या बांधकामाबद्दल माहिती देत होते. दुसऱ्यावर त्यांनी माहिती देणं थांबवलं. तिसऱ्यावर त्यांनी कठडा धरला आणि "अजून आहे?" असं विचारलं. चौथ्यावर पोचले तेव्हा गोरे साहेब बीटासारखे झाले होते, आणि काकूंनी दार उघडून पंखा, पाणी आणि खुर्ची एकाच वेळी पुढे केली.

आबा आतल्या खोलीतून आले. एवढा मोठा अधिकारी आपल्यासाठी चार जिने चढून आला हे पाहून म्हातारा भारावून गेला. साहेबांनी दम घेतला, खिशातून पेन काढलं आणि ठरलेला प्रश्न विचारला, "आजोबा, लिफ्टचा त्रास सहन होतोय का?"

काका आबांच्या मागे उभे राहून मान जोरजोरात हलवत होते. आबांना ते दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी काही फरक पडला नसता. जन्मात त्यांनी दारात आलेल्या माणसाला कधी नाराज केलं नव्हतं.

"होतोय की, साहेब," आबा म्हणाले. "माझं काय, चाललंय. तुम्हाला मात्र उगाच चढावं लागलं."

काकांनी कपाळावर हात मारला. साहेबांनी 'सहन होत आहे, समक्ष खात्री केली' असं लिहिलं, सही ठोकली, सगळ्यांना नमस्कार केला आणि बाहेर जिन्याच्या तोंडाशी जाऊन खाली पाहिलं. त्यांना गरगरलं. त्यांनी एक पायरी उतरून पाहिली आणि ते कठड्याला धरून मटकन बसले.

"मला नाही उतरवत," साहेब म्हणाले.

त्यांना धरून आत आणलं, पलंगावर निजवलं, पायाला तेल लावलं. तासाने पुन्हा प्रयत्न झाला, पुन्हा तेच. खुर्चीतून नेण्याची गोष्ट निघाली तेव्हा आबांनी आपलं ते चौघांचं वाक्य ऐकवलं आणि साहेबांनी खुर्चीचा विषय बंद केला. मग त्यांनी आपल्या कार्यालयात फोन लावला आणि हाताखालच्या माणसाला फर्मावलं, "आत्ताच्या आत्ता मेकॅनिक पाठव. मी चौथ्या मजल्यावर अडकलोय!"

पलीकडून तो माणूस अदबीने म्हणाला, "पेपरात आलंय का, साहेब?"

"अरे, मी सांगतोय ना!"

"तोंडी तक्रार कोणीही करतो, साहेब. तुम्हीच शिकवलंय."

झालं! साहेब मुक्कामी राहिले. ते आबांचा सदरा घालून बसले, आणि सकाळी आबांनी त्यांना पेपर वाचून दाखवायला सुरुवात केली. पण साहेबांना ऐकण्याची सवय नव्हती, ते मध्येच कात्री मागायचे. आबांनी अर्ध्यावर पेपर मिटून ठेवला. महिन्याचे शेवटचे दोन दिवस उरले होते.

काकांनी संपादकांना फोन केला तेव्हा संपादक खुर्चीत उडालेच. "अधिकारी अडकला? पाहणीला गेला आणि स्वतःच अडकला? अहो, ही बातमी! पहिल्या पानावर घेतो. घरूनच लिहा आणि पाठवा!"

संध्याकाळी काका लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. साहेब पलंगावरून सूचना देत होते. "सगळं लिहा. माझे पाय लिहा. पण ते वाक्य घालू नका हो, हात जोडतो. ते घातलंत तर माझंच कार्यालय मला डाव्या कपाटात टाकेल." काकू खुर्ची ओढून नवऱ्याच्या उजव्या बाजूला बसल्या आणि त्यांनी सरळ करंगळी मुठीत पकडून ठेवली. नऊ बोटांनी बातमी लिहून झाली आणि गेली.

थोड्या वेळाने पान लावणाऱ्या मुलीचा फोन आला. "काका, मस्त बसलीय. दोन ओळी कमी पडतायत. शेपूट लावू?"

"नको!" काका आणि साहेब एकदम ओरडले.

"मग दोन ओळी द्या ना काहीतरी. पान सोडायचंय."

काकांनी काहीतरी शोधायला डोकं खाजवलं आणि त्यांच्या लक्षात आलं की बातमीच्या शेवटी काय म्हणायचं असतं हे आपल्याला मुळी ठाऊकच नाही. आयुष्यभर ती जागा एका बटणाने भरली होती. फोन चालू होता, मुलगी वाट बघत होती. आबा खिडकीशी उभे होते. तिथून दुकान दिसत नसे, दुकानासमोरचा दिव्याचा खांब तेवढा दिसे, आणि ते त्या खांबाकडे बघत होते. काका उठून त्यांच्याजवळ गेले. इतक्या लोकांच्या वतीने त्यांनी ते वाक्य लिहिलं होतं, पण त्यातल्या एकालाही कधी विचारलं नव्हतं.

"आबा," ते हळू म्हणाले, "साहेबांसाठी नाही. मला सांगा. सहन होतंय का?"

आबांनी आधी "चाललंय" म्हणायला तोंड उघडलं. मग मिटलं.

"नाही रे," ते म्हणाले. "अजिबात नाही होत."

काकांनी फोनवर दोन ओळी सांगितल्या: 'त्याच घरात एक म्हातारे गृहस्थ कित्येक दिवस अडकून आहेत. त्यांना हे सहन होत नाही.' मुलीने त्या लिहून घेतल्या, मोजल्या, आणि बरोबर बसतात म्हणाली. मग जरा थांबून तिने विचारलं, "काका, आबा बरे आहेत ना?"

सकाळी कार्यालयात कात्री चालली. ते कात्रण डावीकडे जाईना, म्हणून उजवीकडे गेलं, आणि उजवीकडे गेलं म्हणजे काम लगेच करायचं. दुपारपर्यंत मेकॅनिक हजर. बिघाड म्हणजे एक तार तुटलेली, बस. पण ती हाती लागेपर्यंत वर-खाली ठोकाठोक करण्यात पुढचा अख्खा दिवस गेला, आणि तो महिन्याचा शेवटचा दिवस होता.

आबा सकाळपासून तयार होते. इस्त्रीचा सदरा, पायात चपला. साहेब छत्री घेऊन त्यांच्या पुढे उभे. दोघांत कोण आधी जाणार यावर थोडी तणातणी झाली आणि काकूंनी शाळेतल्या आवाजात दोघांना एका बाजूला उभं केलं. मेकॅनिकने खालून ओरडून सांगितलं, "आधी खालून वर आणून बघतो! दारापासून लांब राहा!"

दोर करकरले. दिवा लागला. एक, दोन, तीन, चार. दार उघडलं, आणि आत मेकॅनिकच्या खांद्याचा आधार घेऊन टेलरमास्तर उभे होते. गळ्यात माप घ्यायची फीत तशीच होती.

आबा जागच्या जागी थिजले. "तू कसा काय इथे?"

"खालीच होतो," मास्तर म्हणाले. "आज सकाळपासून जिन्यातच बसलो होतो. हा म्हणाला, चला आजोबा, तुम्हालाच घेऊन बघतो."

"जिन्यात कशाला बसतोस, या गुडघ्याने?"

मास्तरांनी मान खाली घातली. "रोजच येतो. लिफ्ट गेल्यापासून. तुझी वाचायची वेळ झाली की निघतो. पहिला मजला कसाबसा चढतो, मग गुडघा म्हणतो, मास्तर, पुरे. जरा बसतो आणि जातो परत."

आबा सुनेकडे आणि मुलाकडे पाहून, चोरी पकडल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "मीही उतरायचो. ही शाळेवर गेली की. हा झोपलेला असायचा. तिसऱ्यापर्यंत. त्याच्या खाली छातीत भरून यायचं."

"आबा! डॉक्टरांनी सांगितलं होतं ना!" काकू ओरडल्या.

काका भिंतीला टेकले. वर आबा तिसऱ्या मजल्यावर, खाली मास्तर पहिल्यावर. रोज सकाळी, एकाच वेळी. मध्ये फक्त दुसरा मजला होता.

"मग हाक का नाही मारलीस?" आबांनी विचारलं.

"तुला कळलं असतं ना, मी जिना चढतोय ते. तुझ्या जिवाला लागलं असतं. तू का नाही मारलीस?"

"तेच," आबा म्हणाले.

साहेब मधल्या मधे लिफ्टमध्ये शिरले आणि मेकॅनिकबरोबर खाली निघून गेले, ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. आबांनी मास्तरांचा हात धरला होता. मास्तरांची गाडी उद्या पहाटेची होती, हे दोघांनाही माहीत होतं. काका भिंतीकडे तोंड करून लहान पोरासारखे रडत होते आणि ते त्यांना लपवायचंही सुचत नव्हतं.

"दुसऱ्या मजल्यावर कोण राहतं रे? त्यांनी तरी आपल्याला सांगायचं होतं." आबांनी मास्तरांना विचारलं.

"कोणी नाही," मास्तर म्हणाले. "रिकामाच आहे."